सुरीची पाठ

आमचा मामा धार लावायचा. सुऱ्या, कात्र्या, कोयते, न्हाव्याचे वस्तरे, खाटकाचे सुरे, ज्याला म्हणून पातं आहे ते सगळं त्याच्या सहाणेवरून गेलेलं. सायकल होती त्याची. स्टँडवर उभी करायची, मागच्या चाकाचा पट्टा हँडलवरच्या सहाणेला जोडायचा आणि सीटवर बसून पॅडल मारत राहायचं. पुढे सहाण गरगर फिरतेय, ठिणग्या उडतायत, आणि सायकल जागच्या जागी. लहानपणी सुट्टीत त्याच्याकडे गेलो की आम्हाला कोडं पडायचं, हा माणूस दिवसभर एवढी सायकल मारतो आणि संध्याकाळी गल्लीतच कसा असतो.

मामी म्हणायची, "लग्न झाल्यापासून हेच बघतेय. पाय चालतात, माणूस हलत नाही."

मामाला धारेचा अभिमान होताच, पण त्याहून जास्त अभिमान होता तो पाठीचा. म्हणजे सुरीच्या पाठीचा. तो म्हणायचा, धार काय, कुणीही लावेल. पण बाई चिरायला बसली की पहिलं बोट कुठे दाबते? पाठीवर. नव्या सुरीची पाठ हाताला लावून बघा, दोन्ही बाजूंनी कंगोरे असतात. दिवसभर ते बोटात रुततात, घट्टा पडतो. म्हणून मामा धार झाली की सुरी उलटी करायचा आणि तिची पाठ सहाणेवर अशी फिरवायचा की कंगोरे जाऊन ती गोल व्हायची, काडीसारखी गुळगुळीत. मग ती स्वतःच्या गालावर घासून दाखवायचा. बायका खूश. आजूबाजूच्या गल्ल्यांत कुठल्याही घरातली सुरी डोळे मिटून हातात घ्यावी, पाठीवर बोट फिरवावं आणि सांगावं, ही आमच्या मामाची.

एकच सुरी त्याच्या हाताखालून गेली नव्हती, आणि ती त्याच्याच घरात होती.

मामीची. मूठ तडकलेली, तारेने बांधलेली, पातं काळं पडलेलं. फळीवरच्या डब्यामागे ठेवलेली असायची आणि तिला हात लावायची कुणाला सोय नव्हती. धार गेली की मामी चहाचा कप पालथा घालायची आणि कपाच्या बुडाची जी खरखरीत कड असते ना, तिच्यावर चारदा पातं ओढायची. झालं काम. हे सगळं धारवाल्याच्या दारात, धारवाल्याच्या देखत.

"अगं, लोक काय म्हणतील," मामा कळवळायचा. "धारवाल्याची बायको कपावर सुरी घासते."

"लोकांना सांगायला कोण जातंय? तुम्हीच ओरडताय."

याच्या मागे एक जुनी भानगड होती. लग्न होऊन आली तेव्हा मामीने माहेरून एक सुरी आणली होती. मामाला वाटलं, नवी बायको, तिला आपल्या हातचं काहीतरी द्यावं. द्यायला त्याच्याजवळ दुसरं होतं काय? अख्खी दुपार तो त्या सुरीमागे लागला. वस्तऱ्यासारखी धार काढली, पाठ गोल केली, तेल लावून पुसली आणि दिली. मामीने हातात घेतली, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "बिघडवलीत."

मामा म्हणाला, "धार बघ की."

"बघितली."

बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून नवी सुरी आणली आणि सांगून टाकलं, हिला हात लावायचा नाही. का, ते त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तो समजला की हिला आपलं काम पसंत नाही. ती समजली की ह्याला स्वतःची चूक कळलीय पण मान्य करायची नाही. नवरा-बायकोत असं एखादं भांडण राहून जातं. मग ते घरातल्या खांबासारखं होतं, माणसं न बघता त्याला वळसा घालून जातात.

मामी एका हॉटेलच्या धुलाईखान्यात इस्त्रीला होती. चादरी, उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडं. वाफेत राहून राहून तिचा चेहरा कायम लालसर आणि बोटांची टोकं पांढरी. कोवळ्या मक्याचे दिवस आले की कामावरून येताना ती बाजारातून वळून यायची. कणीस विकत घेताना ती विकणाऱ्याशी बोलायचीच नाही. वरची पानं जरा बाजूला करायची, दाण्यात अंगठ्याचं नख दाबायची. दूध उडालं तर पिशवीत. पाणी निघालं तर अजून कच्चं, काहीच निघालं नाही तर म्हातारं, दोन्ही परत ढिगात. विकणारा म्हणायचा, "बाई, नखं मारून मारून माझा माल नासवलात." मामी म्हणायची, "न नासलेला तेवढा मी घेतलाय, बाकीचा तुझाच आहे."

घरी आली की पिशवी आमच्यापुढे ओतायची. आम्ही पोरं मागच्या पायरीवर बसून कणसं सोलायचो. पानं एकीकडे, केस एकीकडे. केस ओल्या फडक्याने पुसून काढायचे, एक जरी राहिला तरी मामी तो चिमटीत धरून आपल्या नाकासमोर नाचवायची. "हा कुणाच्या डोक्याचा?" सोललेली कणसं आत गेली की दार बंद. स्वयंपाकघर इतकं लहान की मामी वळली तरी भांडं पडायचं. मामाला तिथे उभं राहायला जागा नाही, असं ती म्हणायची. जागा होती, परवानगी नव्हती.

मग बाहेर आवाज यायचा. आधी सुरीचा, सप् सप्, दाणे पसरट पातेल्यात पडायचे. आणि मग दुसरा. खर्र, खर्र, खर्र. हा आवाज बराच वेळ चालायचा. पुढे लोणी वितळल्याचा वास, मग गोडूस, दुधट, जरासा गवताचा वास, आणि मामीचं आतून ओरडणं, "वाट्या."

पिवळंधमक, घट्टसर, चमच्यावरून पटकन न पडणारं. पीठ नाही, काही नाही, मक्याच्याच दुधाने दाटलेलं. वर साय ढवळलेली, मीठ, मिरपूड. आमच्या घरात ह्याला खरवड म्हणायचे. दुसऱ्या घरांत खरवड म्हणजे दुधाच्या भांड्याच्या बुडाशी धरतं ते. आम्हाला शाळेत जाईपर्यंत हे माहीतच नव्हतं. मी एकदा एका मैत्रिणीकडे खरवड खाणार का विचारल्यावर हो म्हणून बसले, आणि तिच्या आईने पातेलं आणि उलथनं पुढे ठेवलं. मला वाटलं, ह्यांच्या घरी मका परवडत नसेल.

मामा दारातच, सायकलवर बसल्या बसल्या खरवड खायचा. पाय खाली, वाटी सहाणेवर टेकवलेली. संपली की वाटी मागे करायचा, न बघता. मामी ती घ्यायची आणि भरून द्यायची, तीही न बघता. त्या दोघांचं प्रेम कुणाला बघायचं असेल तर एवढंच बघायला मिळायचं.

बरीच वर्षं गेली. आम्ही आपापल्या संसाराला लागलो. मामीची नोकरी संपली. मामाच्या गुडघ्यांनी पॅडल मारायला नकार दिला, तेव्हा त्याने सहाणेला छोटी मोटर बसवली आणि सीटवर बसून नुसते पाय हलवत राहिला. सवय. आणि एका सकाळी मामी कपबशी धरून उभी होती ती तशीच खाली बसली. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मी राहायला गेले. मामाला मूल नव्हतं, आणि मी भाच्यांत सगळ्यात रिकामी, असं माझ्या सासूचं म्हणणं. मामीचा डावा हात चांगला होता, डोळे तर पहिल्यापेक्षा तिखट. सगळं कळत होतं. पण खात नव्हती. पेज दिली, तोंड फिरवलं. केळं कुस्करून दिलं, जिभेने ढकललं. गिळायचा त्रास होताच, त्यात रागही होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पुढच्या आठवड्यात दाखवायला आणा. तोपर्यंत तोंडाने पोटात जायला लागलं नाही तर नाकातून नळी घालू." नर्सबाईंनी समजावलं होतं, पाण्यासारखं पातळ नको, ठसका लागेल. साल, कोंडा, कण काही नको. घट्ट आणि मऊ.

नळी मामीने पाहिली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईला लावलेली. त्या खाटेकडे डोळ्यांनी खुणावून तिने डाव्या हाताने मामाचं मनगट असं धरलं होतं की वळ उठला. मामा रोज तो वळ चोळत बसायचा. "नळी नको म्हणते ती. मी तिला शब्द दिलाय. पण हिने खायला नको का?"

आणि मग एका दुपारी मामी बोलली. इतक्या दिवसांत पहिला शब्द. तोंड वाकडं करून, घशातून ओढून काढल्यासारखा.

"खर... वड."

शिंपीणकाकू तिथेच होत्या. शेजारच्या, शिवणकाम करायच्या आणि दिवसातून चारदा डोकावून जायच्या. त्या म्हणाल्या, "दुधाची खरवड मागतेय बिचारी. माझ्याकडे आहे, आणते."

"तुमची नको," मामा उठलाच. "तिची खरवड वेगळी. मक्याची."

मी बाजारात गेले, नखं मारली, शिव्या खाल्ल्या, कणसं आणली. मी आपली आजकालची, दाणे काढून मिक्सरला लावले, गाळून घेतलं, शिजवलं. मामीने एक चमचा घेतला, तोंडात धरला आणि हनुवटीवरून सोडून दिला. माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कणसाचा केस ठेवून दिलाय.

"मिक्सरचं नको," मामा म्हणाला. "ती सुरीने करायची. तिच्या सुरीने." आणि त्याने फळीवरच्या डब्यामागे हात घातला.

मला आठवतंय, त्याने सुरी दोन्ही हातांत घेतली होती, दुसऱ्याचं पोर घ्यावं तशी. धार बघितली आणि त्याला वाईट वाटलं. "काय केलंय हे कपावर घासून घासून. हिने अशा सुरीने हात दुखवून घेतला आयुष्यभर." मग तो सायकलपाशी गेला. मोटर चालू केली नाही. त्या गुडघ्यांनी पॅडल मारलं. दिवसभरात दुसरं कुठलं काम घेतलं नाही. पातं चकचकीत झालं, मूठ नवी बसली, आणि शेवटी सुरी उलटी करून त्याने पाठ गोल केली, गालावर घासून बघितली. डोळे भरले होते की सहाणेची धूळ गेली होती, मी विचारलं नाही.

त्या सुरीने दाणे असे निघाले की बघत राहावं. पण धार इतकी की कणसाच्या दांड्याचे पांढरे कपचेही सोबत निघाले. दाणे काढून झाल्यावर त्याने उरलेला गर धारेनेच खरवडला. आम्ही शिजवलं, लोणी घातलं, साय घातली. वास बरोबर आला. मामीला बसतं केलं, मामाने स्वतः चमचा धरला. तिने तोंड उघडलं, घेतलं आणि तिला ठसका लागला. साधा नाही. चेहरा निळा पडला, मी पाठीवर थापट्या मारतेय, मामा वाटी घेऊन तसाच उभा. एक कपचा आला बाहेर. मामी दमून उशीवर टेकली आणि डोळे मिटले.

शिंपीणकाकू हळूच म्हणाल्या, "आता नळीचं मनावर घ्या. हट्ट बरा नाही. जीव जाईल तिचा."

मामा उठला. त्याने सुरी आणली, तिच्या खाटेशी बसला. ग्राहकाशी बोलावं तसं बोलला. "हे बघ, धार मी मन लावून केलीय. ह्याहून चांगली मला येत नाही. काय चुकतंय ते सांग. रागव, पण सांग."

मामीने डोळे उघडले. डावा हात पुढे केला. त्याने मूठ तिच्या हातात दिली. तिने धारेकडे बघितलंसुद्धा नाही. सुरी पोटावर आडवी ठेवली आणि पाठीवरून अंगठा फिरवला, टोकापासून मुठीपर्यंत. मग मामाकडे बघितलं. तिचं अर्धं तोंड हललं.

"बिघ... डवलीत."

मामा त्या सुरीकडे बघत बसला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा शब्द होता तो, आणि आता कुठे त्याच्या डोक्यात शिरत होता.

"पाठ," तो म्हणाला. "तू पाठीने करायचीस."

मामीने डोळे मिटून उघडले. म्हणजे, उजाडलं एकदाचं.

आणि मला तो आवाज आठवला. खर्र, खर्र. धारेचा आवाज तसा येतच नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन दाणे काढलेलं कणीस उभं धरलं आणि सुरी उलटी करून ओढली. गुळगुळीत घसरली. आवाज नाही, दूध नाही. त्या गोल पाठीने दाण्याच्या उरलेल्या घरट्यांना नुसतं कुरवाळलं.

"काकू, तुमच्याकडची सुरी द्या जरा," मी म्हटलं.

काकू धावत गेल्या, सुरी घेऊन आल्या. पाठीवर बोट फिरवलं, गोल. "ह्यांनीच करून दिली होती," काकू म्हणाल्या, "बोटाला लागू नये म्हणून." त्यांनी समोरच्या घरची आणली, गोल. वरच्या मजल्यावरची, गोल. काकू पदर सावरत जिना उतरल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, एक तरी सोडायची होतीत. एवढं काय बायकांच्या बोटांचं लागून राहिलं होतं तुम्हाला?"

मामाला हसू आलं. त्या आठवड्यातलं पहिलं. मग तो उठला आणि पेटीतून कानस काढली.

पाठीचे कंगोरे परत आणणं सोपं नसतं. गेलेलं लोखंड परत येत नाही, पाठ खाली नेत न्यावी लागते, सपाट होईपर्यंत. मामाने सुरी पायांच्या तळव्यांत धरली आणि कानस मारायला लागला. रस्त्याने जाणारा न्हावी थांबला. "काय मामा, उलट्या बाजूने धार लावताय? म्हातारपण आलं का?"

"आलंय," मामा म्हणाला. "तू वस्तरा घेऊन ये, तुझ्याही उलट्या बाजूला लावून देतो."

झाल्यावर त्याने पाठ गालावर घासली नाही. अंगठ्याच्या नखावर ओढली. नखाची पांढरी भुकटी निघाली. "हं," म्हणाला.

या वेळी दाणे मी काढले, वरच्या वर, अर्धा दाणा दांड्यालाच ठेवून, आणि कापलेले बाजूला ठेवून दिले. कणीस मामाने धरलं. त्याला स्वयंपाकघरात उभं राहायला खरंच जागा नव्हती, खांदा फळीला लागत होता. पातेल्यात कणीस उभं टेकवलं, सुरी उलटी केली आणि वरून खाली ओढली.

खर्र.

दाट, पिवळं दूध पाठीवर गोळा होऊन थेंबाथेंबाने पातेल्यात पडलं. सालं दांड्यालाच राहिली. खर्र, खर्र. मी दारातून बाहेरच्या खोलीत बघितलं. मामीची मान आवाजाकडे वळली होती. तिचा डावा हात पांघरुणावर खालीवर होत होता, मामाच्या हाताच्या जरा पुढे. तो मंद होता, ती त्याला हाकत होती.

मंद आचेवर लोणी, मग ते दूध. ढवळत राहिलं की आपोआप दाटतं, पेजेसारखं आधी, मग चमच्याला धरतं. साय, मीठ. मिरपूड घातली नाही, ठसक्याच्या भीतीने. मामाने वाटी भरली.

पहिला चमचा मामीने तोंडात बराच वेळ धरला. आम्ही दोघं तिच्या गळ्याकडे बघत होतो. गळा हलला. ठसका नाही. तिने तोंड परत उघडलं.

अर्धी वाटी गेली. मामाने न राहवून विचारलं, "कशी झालीय?"

मामीने डावा हात उचलला आणि पंजा हवेत असा डोलवला. ठीक, एवढंच.

"मिरपूड नाही म्हणून," मामा मला म्हणाला. "नाहीतर पसंत होती."

मग तो स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी डोकावले. उभ्याउभ्या तो पातेल्याच्या बुडाला धरलेलं उलथन्याने काढून खात होता. शिंपीणकाकूंची खरवड ती हीच, फक्त मक्याची.

नळी लागली नाही. मामी पुढे चार चांगली वर्षं जगली, आणि मामाच्या हातची खरवड तिला कधीही ठीकच्या वर आवडली नाही. त्या वर्षांत मामाचं मात्र एक बदललं. सुरी घेऊन कुणी बाई आली की धार लावून झाल्यावर तो हात थांबवायचा.

"पाठ गोल करू का ठेवू?"

"हे काय नवीन? नेहमी तर न विचारता करता."

"घरी जाऊन विचारून या," मामा म्हणायचा, "स्वयंपाकघरात कोण असतं त्याला." आणि सायकलवर बसल्या बसल्या रिकामी वाटी मागे करायचा, न बघता. ती घ्यायला आता मागे कुणी उभं नसायचं. आतल्या खाटेवरून मामी तिचा चांगला हात कडेच्या दांडीवर दोनदा आपटायची, म्हणजे ऊठ, स्वतः घे.